फॉरमॅटनंतरही उरणाऱ्या खुणा

भोर आणि वेल्हे तालुक्यांत आज चालू असलेल्या संगणकांपैकी पुष्कळांची हार्ड डिस्क पहिल्यांदा इथे वापरात आलेली नसते. पुण्यातील किंवा शिरवळ-खेड शिवापूरच्या पट्ट्यातील कंपन्यांनी मोडीत काढलेले संगणक शाळांना देणगीदाखल मिळतात, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून वापरलेल्या डिस्क सुट्या विकत आणून फोटो स्टुडिओत, दूध संकलन केंद्रात किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये बसवल्या जातात, आणि एका यंत्रातून काढलेली डिस्क दुसऱ्यात घालण्यापूर्वी ती भोरच्या बाजारपेठेतल्या, नसरापूरच्या किंवा वेल्ह्याच्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर येते. आणणाऱ्याची मागणी बहुधा एका वाक्याची असते: ‘भाऊ, हिला एकदा फॉरमॅट मारून द्या.’ या मागणीत प्रत्यक्षात तीन वेगळी कामे दडलेली असतात. नवी फाइल सिस्टीम लिहिणे हे पहिले, जुन्या फाइल सिस्टीमच्या ओळखखुणा काढून टाकणे हे दुसरे आणि जुना मजकूर कायमचा नष्ट करणे हे तिसरे; पहिले केले म्हणजे उरलेली दोन आपोआप झाली असे ग्राहक समजतो, आणि पुष्कळदा दुकानदारही तसेच समजतो. येथे मुख्यतः मधल्या कामाचा विचार केला आहे, कारण तिन्हींपैकी सर्वांत कमी वेळ त्यालाच लागतो आणि ते राहून गेले तर सर्वांत चमत्कारिक त्रासही त्यातूनच उद्भवतो.

डिस्क स्वतः फाइल किंवा फोल्डर जाणत नाही. तिला फक्त क्रमांक दिलेले सेक्टर, म्हणजे बहुधा ५१२ बाइटांचे कप्पे, एवढेच ठाऊक असते. कोणत्या कप्प्यात कोणत्या फाइलचा कोणता भाग आहे, कोणती जागा रिकामी आहे, फाइलचे नाव काय आणि ती कधी बदलली, हा सगळा हिशेब फाइल सिस्टीम ठेवते, आणि तो हिशेब डिस्कवरच लिहिलेला असतो. त्यालाच मेटाडेटा म्हणतात. या हिशेबाच्या मुळाशी सुपरब्लॉक नावाचा एक छोटा भाग असतो, त्यात फाइल सिस्टीमचा प्रकार, आकार, लेबल आणि तिला एकमेव ठरवणारा यूयूआयडी हा लांबलचक क्रमांक नोंदलेला असतो, आणि ठरलेल्या जागी एक ठरलेली खूण असते. संगणक ती खूण पाहूनच हे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखून दिलेला भाग, अमुक प्रकारचे आहे असे ठरवतो. लिनक्समध्ये रूढ असलेल्या एक्स्ट४ची खूण केवळ दोन बाइटांची असून ती पार्टिशनच्या आरंभापासून १०८०व्या बाइटावर असते. सोळा आधारी अंकलेखनात तिचे मूल्य ईएफ५३ आहे, परंतु कमी वजनाचा बाइट आधी लिहिण्याच्या रीतीमुळे डिस्क उघडून पाहणाऱ्याला ती ‘५३ ईएफ’ अशी उलटी दिसते. कितीही मोठी डिस्क असली तरी ती ओळखू येणे किंवा न येणे अशा चिमूटभर बाइटांवर अवलंबून असते.

अडचण अशी की प्रत्येक पद्धतीने आपली खूण ठेवण्यासाठी निराळी जागा निवडलेली आहे. एक्सएफएस अगदी पहिल्या बाइटापासून सुरू होते, एक्स्ट४चा सुपरब्लॉक १०२४ बाइट सोडून, बीटीआरएफएसचा ६४ किलोबाइटांवर, तर सीडी-डीव्हीडीच्या आयएसओ रचनेची खूण ३२ किलोबाइटांच्या पुढे असते. लिनक्सच्या स्वॅपची, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या जागेची, खूण पहिल्या ४०९६ बाइटांच्या शेवटच्या दहा बाइटांत बसते. अनेक डिस्क जोडून त्यांची एकच डिस्क भासवणारी ‘रेड’ रचना लिनक्समध्ये एमडी या घटकाकडून चालवली जाते. तिच्या मेटाडेटाची १.२ ही आवृत्ती आरंभापासून ४०९६व्या बाइटावर, तर ०.९० आणि १.० या आवृत्त्या डिस्कच्या शेपटाशी लिहिल्या जातात. जीपीटी या पार्टिशन-कोष्टकाची मूळ प्रत आरंभी आणि राखीव प्रत अगदी शेवटच्या सेक्टरांत असते. झेडएफएस तर चार प्रती ठेवते, दोन पुढे आणि दोन मागे. या जागा एकमेकींवर पडत नसल्यामुळे एका पद्धतीची खूण दुसरीच्या लेखनातून सहीसलामत वाचू शकते, आणि काही वर्षांत तीन मालकांच्या हातून गेलेल्या एकाच डिस्कवर तीन वेगवेगळ्या संसारांच्या खुणा एकाच वेळी जिवंत सापडतात.

फाइल सिस्टीम लिहिणारी आजची साधने याबाबत पूर्वीइतकी निष्काळजी राहिलेली नाहीत, हे येथे नोंदवणे न्यायाचे होईल. एक्स्ट४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस यांची लेखनसाधने नवी रचना घालताना मिळालेल्या जागेचा आरंभ आणि शेवट दोन्ही काही प्रमाणात शून्यांनी भरतात, जुनी फाइल सिस्टीम आढळल्यास एक तर पुढे जायचे का असे विचारतात किंवा स्पष्ट बळजबरीचा पर्याय दिल्याशिवाय काम नाकारतात. परंतु ‘मिळालेली जागा’ या शब्दांतच मर्यादा आहे. साधनाला पार्टिशन दिले तर ते पार्टिशनच्या दोन टोकांपलीकडे पाहत नाही, आणि संपूर्ण डिस्कच्या नावावर लिहिलेल्या खुणा त्या हद्दीबाहेर तशाच राहतात. शिवाय तयार प्रतिमा, म्हणजे एका डिस्कची हुबेहूब नक्कल, मोठ्या डिस्कवर उतरवली जाते तेव्हा फाइल सिस्टीम लिहिणारे साधन मधे येतच नाही. प्रतिमा जिथे संपते तिथून पुढची जागा, शेवटच्या सेक्टरासह, पूर्वी होती तशीच राहते. शाळेच्या संगणककक्षात एक यंत्र नीट तयार करून त्याची नक्कल बाकीच्यांवर उतरवण्याची पद्धत सोयीची आणि सर्वत्र रूढ असल्यामुळे हा दुसरा प्रकार या भागात विशेष आढळतो.

जवळून पाहण्यासारखे एक उदाहरण देणगीत आलेल्या डिस्कचे आहे. अशी डिस्क पूर्वी सर्व्हरमध्ये, पार्टिशन न करता सबंध डिस्कच्या स्वरूपात एमडी रेडची सदस्य होती असे धरावे. मध्यंतरी कोणी तरी ती विंडोज यंत्राला लावली, विंडोजने विचारल्यावर एमबीआर हा जुना पार्टिशन-प्रकार निवडला, एक पार्टिशन केले आणि त्यावर एनटीएफएस घातली. एमबीआरचे कोष्टक फक्त पहिल्या सेक्टरात, म्हणजे पहिल्या ५१२ बाइटांत मावते आणि पार्टिशन आजच्या रीतीप्रमाणे २०४८व्या सेक्टरापासून, म्हणजे नेमके एक मेगाबाइट सोडून सुरू होते. या दोहोंमधल्या मोकळ्या पट्टीत ४०९६व्या बाइटावर बसलेला रेडचा सुपरब्लॉक कोणाच्याही पेनाखाली येत नाही. विंडोजला ती खूण समजतच नसल्याने डिस्क वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते. पुढे त्याच यंत्रावर लिनक्स घालायचे ठरले की लिनक्स आरंभीच ही खूण वाचतो, डिस्क एका हरवलेल्या रेडचा तुकडा आहे असे ठरवतो, आणि बाकीचे तुकडे सापडत नसल्याने ‘एमडी१२७’ नावाचे एक अर्धवट, न चालणारे उपकरण उभे करून डिस्क त्याच्या ताब्यात देतो. यानंतर पार्टिशनवर नवी फाइल सिस्टीम लिहू गेले तर उत्तर मिळते की हे उपकरण वापरात आहे, येथे फाइल सिस्टीम लिहिता येणार नाही. पडद्यावर कोणतीही खिडकी उघडी नाही, डिस्क कोणी वापरत नाही, तरी ती ‘बिझी’ आहे, हे पाहून दुकानात बहुधा पहिला निष्कर्ष निघतो तो ‘डिस्क गेली’ असा, आणि धडधाकट डिस्क भंगारात जाते. वास्तविक ते अर्धवट उपकरण आधी थांबवणे आणि मग एमडीएडीएम या साधनाला त्या डिस्कवरचा सुपरब्लॉक शून्य करण्यास सांगणे, एवढ्या दोन आज्ञांत काम भागते; क्रम मात्र हाच हवा, कारण उपकरण चालू असेपर्यंत खूण काढू दिली जात नाही.

अशा वेळी पुष्कळ जण ज्या उपायाकडे वळतात तो म्हणजे डीडी या जुन्या साधनाने डिस्कचा पहिला एक मेगाबाइट शून्यांनी भरणे. वरच्या उदाहरणात तो चालून जातो, कारण ४०९६वा बाइट पहिल्या मेगाबाइटात आहे. आणि चालून जातो म्हणूनच त्याची सवय लागते. परंतु पहिला मेगाबाइट जिथे संपतो नेमके तिथेच पहिले पार्टिशन सुरू होते, त्यामुळे या उपायाने पार्टिशनचे कोष्टक जाते आणि पार्टिशनमधल्या फाइल सिस्टीमचा एक बाइटही हलत नाही. डिस्क कोरी दिसू लागते, नवे पार्टिशन केले जाते, साधन ते पुन्हा २०४८व्या सेक्टरापासूनच सुरू करते, आणि त्या क्षणी जुनी फाइल सिस्टीम लेबलासकट, फोल्डरांसकट पुन्हा उभी राहते. ज्यांनी हे प्रथमच पाहिले त्यांना डिस्कवर काही लिहिलेच जात नाही अशी शंका येते. खरे पाहता सर्व काही सांगितल्याप्रमाणेच लिहिले गेलेले असते. पार्टिशन करणाऱ्या अलीकडच्या एफडिस्कमध्ये अशा वेळी ‘या पार्टिशनमध्ये अमुक खूण आहे, काढू का’ असा प्रश्न येतो, डिस्कची जागा विभागून देणाऱ्या एलव्हीएममध्येही येतो, आणि त्याला ‘नाही’ म्हणण्यापूर्वी थोडे थांबणे शहाणपणाचे असते.

आरंभ पुसणाऱ्याला शेवट आठवत नाही, ही या कामातली सर्वांत जुनी खोड आहे, आणि तिचा सर्वांत महाग प्रकार जीपीटीच्या राखीव प्रतीतून घडतो. बाजारात ५०० जीबी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक डिस्कवर ९७ कोटी ६७ लाख ७३ हजार १६८ सेक्टर असतात. जीपीटीची राखीव शीर्षनोंद यांतल्या अगदी शेवटच्या सेक्टरात आणि तिच्या आधीच्या ३२ सेक्टरांत राखीव कोष्टक असते. मूळ प्रत पहिल्या ३४ सेक्टरांत मावते: शून्य क्रमांकाच्या सेक्टरात संरक्षक एमबीआर, पुढच्यात शीर्षनोंद आणि दोनपासून तेहतीसपर्यंत कोष्टक. आता फोटो स्टुडिओने लग्नसमारंभांची चित्रणे सुरक्षित राहावीत म्हणून अशा दोन डिस्क घेऊन, पार्टिशन न करता, त्यांचा एमडी रेड बनवला आणि त्या डिस्कवर पूर्वीची जीपीटी होती, असे समजावे. एमडीएडीएम आरंभी सांगतो की येथे पार्टिशन-कोष्टक आहे व ते निरर्थक होईल, पुढे जायचे का. उत्तर ‘हो’ असते. रेडचा सुपरब्लॉक ४०९६व्या बाइटावर, म्हणजे आठव्या सेक्टरात लिहिला जातो, आणि आठवा सेक्टर जीपीटीच्या मूळ कोष्टकाच्या हद्दीतच येतो. शीर्षनोंदीत कोष्टकाची एक पडताळणी-बेरीज लिहिलेली असते. कोष्टक बदलल्यामुळे ती आता जुळत नाही. संरक्षक एमबीआर मात्र शाबूत आहे, राखीव प्रतही शाबूत आहे.

रेड उत्तम चालतो. मग एखाद्या दिवशी मदरबोर्ड बदलला जातो, नव्या बोर्डाचे फर्मवेअर डिस्क तपासते, तिला संरक्षक एमबीआर दिसतो, मूळ जीपीटीची पडताळणी फसलेली दिसते, शेवटच्या सेक्टरात निर्दोष राखीव प्रत दिसते, आणि काही फर्मवेअर न विचारता राखीव प्रतीवरून मूळ प्रत ‘दुरुस्त’ करतात. या दुरुस्तीत आठवा सेक्टर पुन्हा लिहिला जातो आणि रेडचा सुपरब्लॉक नाहीसा होतो; दोन्ही डिस्कवर एकच इतिहास असेल तर दोन्हींवरून एकाच वेळी. चित्रणांचा एकही बाइट गेलेला नसतो, पण त्यांच्यापर्यंत नेणारी पाटी गेलेली असते, आणि ती परत उभी करण्यासाठी रेडचा प्रकार, आवृत्ती, डिस्कचा क्रम आणि मजकूर जिथून सुरू होतो ते अंतर हे सर्व अचूक सांगावे लागते, जे कोणी लिहून ठेवलेले नसते. जीपीटीचे नियम घालून देणाऱ्या यूईएफआय विनिर्देशात मूळ प्रत बिघडल्यास राखीव प्रतीवरून ती पूर्ववत करण्याची तरतूदच आहे. दोष शोधायचा झाला तर तो नियम पाळणाऱ्या फर्मवेअरकडे नसून, मेलेली रचना जिवंत समजली जाईल अशा अवस्थेत सोडण्याकडे येतो. न विचारता लिहिण्याची घाई मात्र फर्मवेअरची, आणि तिचे समर्थन करणे कठीण आहे.

या भागातल्या वाचकाला मेलेल्या आणि जिवंत रचनेतला हा भेद सातबाऱ्याच्या उदाहरणाने चटकन उमगेल. हस्तलिखित सातबाऱ्यावर हक्क संपलेल्या खातेदाराचे नाव खोडून नाहीसे केले जात नसे. त्याला कंस केला जाई आणि शेजारी फेरफार क्रमांक पडे, त्यामुळे नाव वाचता येई पण त्याला आज हक्क नाही हेही कळे. डिस्कवर कंसाची सोय नाही. तेथे जुनी खूण आणि नवी खूण एकाच शाईत, एकाच अधिकाराने उभ्या असतात आणि वाचणाऱ्याने कोणती मानायची हे ज्याने त्याने ठरवायचे असते; विंडोज एक मानतो, लिनक्स दुसरी, फर्मवेअर तिसरी. लिनक्समधील खुणा ओळखणारे ग्रंथालय, ज्यावर बीएलकेआयडी हे साधन चालते, दोन परस्परविरोधी फाइल सिस्टीम एकाच जागी दिसल्या तर निकाल संदिग्ध ठरवून उत्तरच देत नाही, आणि मग प्रकार न सांगता माउंट करण्याचा, म्हणजे फाइल सिस्टीम वापरासाठी जोडण्याचा, प्रयत्न फसतो. हा नकार ग्राहकाला त्रासदायक वाटतो, पण चुकीच्या नकाशावरून लिहायला लागण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

कंसाची उणीव भरून काढणारे साधन म्हणजे वाइपएफएस. कारेल झाक यांच्या देखरेखीखाली विकसित होणाऱ्या युटिल-लिनक्स या संचात ते येते, त्यामुळे जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये ते आधीपासूनच असते. नाव ऐकून ते सगळी फाइल सिस्टीम पुसते असा समज होतो. प्रत्यक्षात ते फक्त खुणांचे बाइट पुसते आणि बाकी मजकुराला हात लावत नाही. त्याचा सर्वांत उपयुक्त भाग तर काहीच न पुसण्याचा आहे: पर्याय न देता केवळ डिस्कचे नाव दिले की ते सापडलेल्या सर्व खुणा, प्रत्येकीचा प्रकार, अंतर आणि असल्यास लेबल व यूयूआयडी यांसह छापते. जाणता कारागीर ही यादी आधी वाचतो, डिस्क तीच आहे ना याची खात्री तिच्या आकारावरून आणि अनुक्रमांकावरून करतो, कारण लिनक्सने डिस्कना दिलेल्या एसडीए आणि एसडीबी या नावांची यंत्र पुन्हा सुरू केल्यावर अदलाबदल होऊ शकते. त्यानंतर आधी प्रत्येक पार्टिशनवरच्या आणि मग सबंध डिस्कवरच्या खुणा काढतो. उलट क्रमाने काम केले तर कोष्टक आधी जाते, पार्टिशनची नावे नाहीशी होतात, आणि त्यांच्या आतल्या खुणा पुढच्या मालकाची वाट पाहत तशाच राहतात. याच साधनाला काढलेल्या प्रत्येक खुणेची प्रत छोट्या फाइलमध्ये, अंतराच्या नोंदीसह जपून ठेवायला सांगता येते. चुकून भलतीच खूण निघाली तर ते मोजके बाइट त्याच जागी परत लिहून फाइल सिस्टीम पूर्ववत करता येते, अर्थात मधे दुसरे काही लिहिले गेले नसेल तर. अखेरीस डिस्क काढून पुन्हा जोडावी आणि यादी पुन्हा वाचावी. हे शेवटचे वाचन टाळले जाते, कारण गिऱ्हाईक समोर उभे असते आणि वाचण्याचे पैसे कोणी देत नाही.

या साधनाच्या मौनाचा अर्थ मात्र जपून लावावा लागतो. यादी रिकामी आली म्हणजे त्याला ओळखता येणारी खूण सापडली नाही, एवढेच सिद्ध होते. काही डीव्हीआर स्वतःची, बाहेर कोठेही न प्रसिद्ध केलेली रचना डिस्कवर लिहितात. अशी डिस्क संगणकाला लावली तर ती कोरी भासते आणि तरीही तिच्यात चौकातल्या दुकानासमोरची काही आठवड्यांची वर्दळ साठवलेली असते. याच्या उलट, काही कार्यालयीन संगणकांत इंटेलच्या रेड सोयीचा मेटाडेटा डिस्कच्या शेपटाशी लिहिलेला असतो, वापरणाऱ्याला त्याची गंधवार्ता नसते, आणि तीच डिस्क वेगळ्या यंत्रात घातल्यावर लिनक्सचा प्रतिष्ठापक ती यादीत दाखवतच नाही. बायोसला डिस्क दिसते, प्रतिष्ठापकाला दिसत नाही, असे चित्र दिसले की केबल बदलण्याआधी शेपूट तपासावे.

नकलांचा प्रश्न याला लागूनच आहे. एका डिस्कची हुबेहूब नक्कल केली की यूयूआयडीचीही नक्कल होते, आणि एकमेव असायला हवा तो क्रमांक संगणककक्षातल्या सर्व यंत्रांवर एकच होतो. यंत्रे वेगवेगळी असेपर्यंत काही बिघडत नाही. दुरुस्तीसाठी दोन डिस्क एकाच यंत्राला लावल्या की एक्सएफएस दुसरी जोडण्यास साफ नकार देते, एक्स्ट४ मुकाट्याने जोडते, आणि यूयूआयडीवरून सुरू होणारी कार्यप्रणाली दोहोंपैकी कोणत्या डिस्कवरून उठेल याचा भरवसा उरत नाही. लेबलांचे तसे नाही. ती माणसांसाठी असतात. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, तरी जुन्या डिस्कवरची ‘वेल्हे’ ही लेबले कोणाच्या वाटेत आली नाहीत.

राहता राहिले तिसरे काम, मजकूर नष्ट करण्याचे. खूण काढल्याने डिस्क अनोळखी होते, कोरी होत नाही. आधारच्या झेरॉक्सची स्कॅन केलेली प्रत, उतारे, पासबुकांची पाने हे सर्व जागच्या जागी राहते आणि फाइल शोधून काढणाऱ्या साध्या साधनालाही ते सापडते. दाखल्यांची कामे करणाऱ्या केंद्रांतून निघणाऱ्या डिस्कबाबत हा भेद ग्राहकाला स्पष्ट सांगणे दुकानदाराचे कर्तव्य ठरते, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानंतर तर ते निव्वळ सौजन्याचे राहिलेले नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर आरंभापासून शेवटपर्यंत एकदा शून्ये लिहिणे सर्वसाधारण गरजेला पुरते. एसएसडीवर तेवढ्याने भागत नाही, कारण ती लिहिण्याची झीज वाटून घेण्यासाठी काही कप्पे बाहेरून न दिसणारे ठेवते, म्हणून तेथे डिस्कच्या स्वतःच्या सुरक्षित-पुसण्याच्या आज्ञेचा आधार घ्यावा लागतो.

शून्ये लिहिण्याला वेळ लागतो, आणि येथेच या डोंगराळ भागाचे वैशिष्ट्य आड येते. सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने ५०० जीबीची डिस्क पुसायला सुमारे ८३ मिनिटे लागतात. यूएसबी २च्या डॉकमधून तोच वेग ३०च्या आसपास उतरतो आणि काम साडेचार तासांवर जाते. भाटघर आणि पानशेत या धरणांवर वीज तयार होत असली तरी तोरण्याच्या पायथ्याशी जुलैच्या पावसात ती साडेचार तास सलग मिळेल याची हमी कोणी देत नाही. पुसणे मधेच थांबले तर उरते ती अत्यंत फसवी डिस्क: पुढचा भाग शून्य असल्याने ती पाहणाऱ्याला कोरी वाटते, पण मागच्या टोकाला जीपीटीची राखीव प्रत, जुन्या रेडचा सुपरब्लॉक किंवा झेडएफएसच्या मागच्या दोन प्रती अक्षत असतात, आणि उरलेल्या निम्म्या भागात मजकूरही. यासाठी दोन्ही टोकांच्या खुणा आधी काढून मगच शून्ये लिहायला घेणे हा क्रम येथे अधिक सुरक्षित ठरतो. सगळे पुसायचेच आहे तर खुणा वेगळ्या कशाला काढायच्या, हा युक्तिवाद पुण्यातल्या अखंड विजेच्या खोलीत ठीक आहे. अडीच इंची डिस्क लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालत असल्याने, यूएसबी ३ची जोडणी असेल तर तिचे काम बॅटरीच्या भरवशावर उरकता येते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, त्यामुळे ती इन्व्हर्टरवर घ्यावी लागते, किंवा पाऊस उघडेपर्यंत ‘खुणा काढल्या, पुसणे बाकी’ अशी चिठ्ठी लावून फळीवर ठेवली जाते.